ब्याऐंशीवर थांबलेला कागद

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी एक माणूस दाराशी आला आणि आत यायला तयार होईना. वंदना संपली होती. जयपूरच्या विद्याधर नगरातल्या आमच्या तीन खोल्यांत नागपूरहून आलेले नातेवाईक, बाबांचे रेल्वेतले जुने सोबती आणि शेजारी दाटीवाटीने जेवायला बसले होते. मी वाढत होते. आईने मला खुणेने दाराकडे बघायला सांगितलं.

पन्नाशीचा माणूस. उजवा हात गमछ्यात गुंडाळलेला. डाव्या हातात जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक कागद.

"बाबूजी का कागज लौटाना था," तो म्हणाला. "ये उनकी जिम्मेदारी का था. घर में रखना ठीक नहीं लगा."

कागदावर दोन अंकी, क्रम नसलेल्या आकड्यांच्या ओळी होत्या, बाबांच्या अक्षरात. वरून एकेक आकडा बॉलपेनने काटलेला. काट मारणं ब्याऐंशीवर थांबलं होतं. त्याच्या पुढचे सगळे आकडे न काटलेले.

"बयासी के बाद हमने मशीन को हाथ नहीं लगाया," तो म्हणाला, आणि गमछा थोडा सरकला तेव्हा मला दिसलं की त्याच्या हाताला मधली दोन बोटं नाहीत.

हा बाबांच्या कारखान्यातला प्रेसवाला होता. ज्याच्या अपघाताचं कारण म्हणून बाबांचं नाव एका कागदावर छापलं गेलं होतं, आणि ते छापणारा नियम मी लिहिला होता.

बाबा रेल्वेत सिग्नल खात्यात होते. मी तिसरीत असताना नागपुरातल्या अजनीहून जयपूरला त्यांची बदली झाली आणि आम्ही इथलेच झालो. निवृत्तीनंतर त्यांना घरी बसवेना. "घरी बसून काय करू? तुझ्या आईच्या भाजीत चुका काढू?" असं म्हणून त्यांनी विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात नोकरी धरली. तिथे पत्रा दाबून विजेच्या पॅनेलची खोकी बनवायचे. दाबणाऱ्या मोठ्या मशीनला सगळे प्रेस म्हणत. प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. जाळी उघडी असताना मशीन खाली येता कामा नये, अशी विजेच्या स्विचची सोय केलेली असते. ती सोय रोज सकाळी तपासायची, हे बाबांचं काम. ते म्हणायचे, "फाटक उघडं असताना गाडीला सिग्नल द्यायचा नाही, तेच आहे हे. फक्त गाडी वरून येते."

रेल्वेची एक सवय त्यांनी तिथेही नेली. गेटमन फाटक बंद केल्याचं स्टेशनला फोनवर सांगतो तेव्हा नुसतं "बंद केलं" म्हणून भागत नाही. दोघांकडे दोन वेगवेगळ्या आकड्यांचे कागद असतात. एक आपल्या कागदावरचा पुढचा आकडा सांगतो, दुसरा आपल्या कागदावरचा. दोघेही दोन्ही आकडे लिहून घेतात आणि आपापला आकडा काटतात. काटलेला आकडा पुन्हा वापरायचा नाही. याला ते प्रायव्हेट नंबर म्हणत. झोपेत किंवा घाईत माणूस "हो, हो" म्हणून जाईल, पण आकडा द्यायचा तर त्याला उठून कागद बघावा लागतो, एवढीच त्यातली युक्ती. कारखान्यात कुणी मागितलं नव्हतं तरी बाबांनी असे दोन कागद बनवले. एक स्वतःच्या खिशातल्या डायरीत, एक प्रेसवाल्याकडे. रोज चाचणी झाली की बाबा पॅनेलपाशी उभं राहून आपला आकडा ओरडायचे, प्रेसवाला मशीनपाशी उभा राहून आपला. बाकीचे कामगार हसायचे. "बाबूजी, लॉटरी लगी क्या?" बाबा घरी येऊन हे सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

आता माझं काम सांगते.

शहराबाहेरच्या एका संस्थेत मी बारा वर्षं संशोधन करते. माणसाला जे माहीत आहे ते यंत्राला कळेल अशा काटेकोर वाक्यांत मांडायचं, आणि त्या वाक्यांवरून यंत्राने स्वतः अनुमान काढायचं, हा आमचा विषय. लोकांना वाटतं की हे काम आकडेमोडीचं आहे. खरं म्हणजे ते ऐकण्याचं काम आहे. जाणत्या माणसासमोर वही घेऊन बसायचं आणि तो हातांनी जे करतो ते त्याच्या तोंडून काढून घ्यायचं. मला वाटायचं, मी चांगली ऐकते.

कारखान्यांत अपघात झाल्यावर कारण शोधून देणारं एक यंत्र आमच्या प्रयोगशाळेत तयार होत होतं. देखभालीचं मला काही कळत नव्हतं, म्हणून एका हिवाळ्यात रविवारी दुपारी मी बाबांसमोर वही घेऊन बसले. ते मटार सोलत होते.

"रजिस्टरमध्ये चाचणीची नोंद नसेल तर, बाबा?"

"तर चाचणी झाली नाही असंच धरायचं."

"पण झालेली असली, आणि लिहायची राहिली असली तर?"

"असू दे नं. नोंद नाही म्हणजे झाली नाही. आपण दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दावर जायचं नाही. लिही." मग एक शेंग फोडून ते म्हणाले, "अन् मग उठायचं, जाऊन बघायचं."

पहिलं वाक्य मी लिहिलं. दुसरं लिहिलं नाही. मला आठवतं, मी पेन टेकवलंही होतं. पण उठून जाऊन बघणं ही कृती झाली, ते ज्ञान नव्हे, आणि आमच्या यंत्राला पाय नव्हते. शिवाय पहिलं वाक्य आमच्या शास्त्रात छान बसत होतं. आमच्याकडे एक जुनं गृहीतक आहे: जे नोंदलेलं नाही ते खोटं धरा. ते काही ठिकाणी अगदी बरोबर चालतं. स्टेशनच्या वेळापत्रकात तीन वाजता गाडी लिहिलेली नसेल तर तीन वाजता गाडी नाही. पण वेळापत्रक पूर्ण असतं म्हणून ते चालतं. कारखान्याचं रजिस्टर म्हणजे वेळापत्रक नव्हे, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं. वर्गात मी मुलांना हाच फरक शिकवते, म्हणून हे जास्त लागतं.

अपघात झाला तो दिवस बाबांनी मला नंतर सांगितला. सकाळी त्यांनी चाचणी केली. नोंद टॅबवर करायची असते आणि टॅब सुपरवायझरकडे होता, म्हणून ती संध्याकाळी करू असं त्यांनी ठरवलं. रोज तसंच होई. दुपारी प्रेस खाली आली तेव्हा जाळी उघडी होती. अपघात झाला की त्या दिवसाच्या नोंदी आपोआप बंद होतात, मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून. चार दिवसांनी कारखान्याने ते सगळं आमच्या यंत्राला दिलं. आमचं यंत्र त्यांच्याकडे गेलं आहे हे मला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं.

यंत्राने एक पान दिलं. बाबा ते घरी घेऊन आले आणि जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवलं.

कारण: देखभाल कर्मचाऱ्याने सुरक्षा-चाचणी केली नाही. आधार: चाचणीची नोंद आढळली नाही. नोंद नसल्यास चाचणी झाली नाही असे धरावे.

त्यांनी चष्मा काढला. "वाक्य माझंच आहे नं?"

मी काय बोलले ते लिहायला मला लाज वाटते. मी म्हणाले, "पण बाबा, नोंद कुठे आहे?"

माझ्या बापाला मी हे विचारलं. पस्तीस वर्षं दिवाळीला, पावसात, तापात, रुळांच्या कडेने चालत जाऊन कुलपं हातांनी ओढून बघणाऱ्या माणसाला.

"टॅबवर नाही," ते म्हणाले, आणि पान घडी करून खिशात ठेवलं. कारखान्याने त्यांना घरी बसायला सांगितलं. अजनीच्या जुन्या सोबत्यांचे फोन यायचे, ते उचलत नव्हते. अकरा आठवड्यांनी सकाळी बूट घालताना ते गेले. त्या पानामुळे गेले असं मी म्हणणार नाही. एकामागून दुसरं घडलं म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं धरू नये, एवढं मला शिकवलेलं आहे. पण ज्या संस्थेत मी हे शिकले तिच्याच यंत्राने ते पान छापून दिलं होतं, आणि त्या वेळी कुणालाही हा नियम आठवला नव्हता.

त्या अकरा आठवड्यांत मी आमच्या विभागप्रमुखांशी एकदाच बोलले. नम्रपणे. ते "बघू या" म्हणाले, मी "हो सर" म्हणाले.

पुण्यानुमोदनाची पाहुणेमंडळी गेल्यावर मी बाबांची डायरी काढली. त्या तारखेला एकच ओळ होती. ९.२०, प्रेस, ४७–८२. सत्तेचाळीस त्यांचा, ब्याऐंशी त्याचा. मी डायरी आणि पुठ्ठा शेजारी शेजारी ठेवले आणि आईला हाक मारली.

"माहीत आहे मला," आई म्हणाली. ती भांडी पुसत होती. "डायरी दाखवली होती त्यांनी मॅनेजरला. तो म्हणे, ये क्या जुआ लिखा है."

"मग पुठ्ठा का नाही मागून घेतला? दोन्ही जुळवले असते तर..."

"म्हटलं नं मी. मला म्हणाले, त्याच्या हाताला टाके पडून राहिले अन् मी त्याला कागद मागू? त्याला कारखान्यातच राहायचं आहे. अन् एका बाजूचा नंबर म्हणजे नंबरच नव्हे, म्हणे."

"मला का नाही सांगितलं?"

आईने पुसलेलं ताट जरा जोरात ठेवलं. "तू विचारलं का?"

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही वस्तू घेऊन प्रमुखांच्या खोलीत गेले. आमचं बोलणं हिंदी-इंग्रजीत होतं, मी मराठीत लिहिते. त्यांनी आधी सांत्वन केलं. मग दोन्ही कागद पाहिले, आणि मला म्हणावं लागेल की नीट पाहिले.

"हे नंतर मिळालेलं ज्ञान आहे," ते म्हणाले. "त्या वेळी यंत्राकडे जे होतं त्यावरून अनुमान शुद्ध होतं. तुम्हीच सांगा, एखादी पायरी चुकली आहे का?"

"पायरी नाही चुकली सर. नियम चुकला आहे."

"नियम तुमचा आहे."

"माझाच आहे. अर्धा लिहिलेला. नोंद नसेल तर चाचणी झाली नाही असं धरायचं, ते मशीन चालू करण्याआधी. धोका नको म्हणून. माणसावर बोट ठेवताना तेच वाक्य वापरता येत नाही. तिथे नोंद नाही याचा अर्थ एवढाच की आपल्याला माहीत नाही."

"ठीक. मग तिसरं उत्तर घालू. होय, नाही आणि अज्ञात. मी तुम्हाला सांगतो काय होईल. दर दोन अपघातांत एकदा यंत्र म्हणेल अज्ञात. असं यंत्र कोण ठेवून घेईल? कारखान्याला कारण हवं असतं, मॅडम."

"त्यांना माणूस हवा असतो."

ते थोडं हसले. दुष्ट माणूस नाही तो. दर वर्षी माझ्यासाठी घेवरची मिठाई आणतो. पण ते हसू मला अजून दिसतं आणि अजून माझी मान तापते. मी आयुष्यात कुणासमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. शेजारच्या खोलीतली टाइपिंगची टकटक थांबलेली मला ऐकू आली. मी म्हणाले, "माझ्या बापाने कारण विचारल्यावर पस्तीस वर्षांत एकदाही अंदाज सांगितला नाही. ते उठून बघून यायचे. आपण खुर्चीत बसून एका माणसाचं नाव छापलं आणि त्याला अनुमान म्हटलं."

"तुम्ही दुःखात आहात," ते म्हणाले. "सुट्टी घ्या."

मी सुट्टी घेतली नाही. खोलीत बसून नियम बदलला. नियमाला पुढची ओळ जोडली: नोंद नसल्यास संबंधित माणसांना विचारा, आणि जागा बघा. उत्तर येईपर्यंत कारण देऊ नका. मग त्या दिवसाची तीच माहिती यंत्राला पुन्हा दिली. डायरी आणि पुठ्ठा दिला नाही. मला बघायचं होतं की बाबांच्या बाजूने एकही पुरावा नसताना प्रामाणिक यंत्र काय म्हणालं असतं.

कारण: निश्चित नाही. विचारणे बाकी: प्रेस चालवणारा कर्मचारी. पाहणे बाकी: जाळीच्या स्विचची जोडणी.

दोन ओळी. त्या मुळात छापल्या गेल्या असत्या तर कुणाला तरी प्रेसवाल्याकडे दवाखान्यात जावं लागलं असतं. त्याने आकडा सांगितला असता. कुणाला तरी स्विचचं झाकण उघडावं लागलं असतं. मी ते पान छापलं आणि घरी आणून आईला दिलं. आईने ते सावकाश वाचलं. तिची देवनागरी पक्की आहे, पण छापील कागदावर तिचा विश्वास कमी.

"म्हणजे त्यांची चूक नव्हती असं लिहिलं आहे का?"

"नाही. माहीत नाही असं लिहिलं आहे."

"एवढं शिकून तुला एवढंच लिहिता आलं?" मग तिने पुन्हा वाचलं. "विचारणे बाकी, पाहणे बाकी. मग जाऊन बघ नं. इथे काय करून राहिली?"

प्रेसवाल्याचा फोन नंबर त्याने त्या दिवशी पुठ्ठ्याच्या मागे लिहून दिला होता. मी फोन केला. कारखान्याने त्याला आता गेटवर बसवलं होतं. मी त्याला सांगितलं की मी मॅनेजरला भेटायला येणार आहे, पण त्याचं नाव काढणार नाही. नियम माझा होता आणि तो चुकीचा होता, एवढंच लिहून देणार आहे. त्याला त्रास होणार नाही.

पलीकडे ट्रकचे आवाज येत होते.

"मैडम, नंबर तो दो होते हैं ना," तो म्हणाला. "बाबूजी का बोल दोगे, हमारा कौन बोलेगा?"

मी बाबांची स्कूटर घेऊन गेले. सीकर रोडवर धूळ आणि ट्रक. गेटपाशी तो उभा होता, खाकी शर्टात. त्याने गेट उघडलं, खुर्ची आत ओढली, आणि माझ्यापुढे चालायला लागला.

मॅनेजर बाबांपेक्षा बराच लहान. त्याने माझं पत्र वाचलं. त्यात मी लिहिलं होतं की हा नियम मी लिहिला, तो अपुरा आहे, आणि त्यावर आधारलेला निष्कर्ष मी मागे घेते. खाली माझी सही. प्रमुखांची नव्हती, संस्थेचा शिक्का नव्हता.

"मॅडम, आपकी भावना समझते हैं, लेकिन फाइल तो बंद हो गई."

"आप उस दिन के नंबर पूछिए," प्रेसवाला मध्येच म्हणाला.

"किसके नंबर?"

मी डायरी उघडून, प्रेसवाल्याला दिसणार नाही अशी, मॅनेजरकडे वळवून धरली होती. पुठ्ठा पिशवीत होता.

"बाबूजी के सामने जाली खोल के पैडल दबाया था," तो म्हणाला. "मशीन नहीं गिरी. फिर जाली बंद की, बाबूजी ने सैंतालीस बोला, हमने बयासी बोला. नौ बीस हुए थे. सामने घड़ी है."

मॅनेजरने डायरीतली ओळ वाचली. मी पुठ्ठा काढून शेजारी ठेवला. त्याने दोन्हींवरचा ब्याऐंशी जुळवून पाहिला. त्याला जुगार वाटलेलं ते काय होतं, हे त्याला तेव्हा कळलं असावं, कारण त्याने सुपरवायझरला बोलवायला सांगितलं आणि लगेच "रहने दो" म्हणाला.

"तो फिर दोपहर में जाली खुली रहते मशीन चली कैसे?" त्याने विचारलं.

"स्विच पे तार किसने मारी, वो आप हमसे मत पूछिए साहब," प्रेसवाला म्हणाला. "हम जितना जानते हैं उतना बोले. चाचणी हुई थी. आगे का आप ढक्कन खोल के देखिए."

त्याने चाचणी हा शब्द मराठीतच म्हटला. बाबांकडून उचललेला. स्विचला आडवी तार जोडली की जाळी उघडी असतानाही मशीनला ती बंद वाटते, हे मला बाबांकडूनच कळलेलं होतं.

मॅनेजरने झाकण उघडायला कुणालाही पाठवलं नाही. पण फाइल मागवली. जुन्या पानाच्या मागे माझं पत्र लावलं, आणि माझ्यासमोर, पेनने, पहिल्या ओळीवर आडवी रेघ मारून शेजारी लिहिलं: सुरक्षा जाँच सुबह की गई थी, दोनों पक्षों से पुष्टि. सही केली. मी फोटो काढला, तो नको म्हणाला नाही.

आम्ही दोघे गेटपर्यंत परत आलो. मी त्याला म्हणाले की तुमच्या नोकरीला काही झालं तर मला कळवा, आणि म्हणताना मला कळत होतं की मी काहीही करू शकणार नाही. तो म्हणाला, "वो देखा जाएगा." आणि खुर्ची पुन्हा बाहेर ओढून बसला. आज तो तिथेच आहे. दर रविवारी फोन करते.

आईने फोटो मोठा करून वाचला, दोनदा. बाबांचे जुने सोबती असलेल्या अजनीच्या काकांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवून त्यांना मॅनेजरची ओळ वाचून दाखवली. हिंदी वाक्य, तिच्या वऱ्हाडी उच्चारात. काका म्हणाले, "आम्हाला माहीतच होतं, वहिनी." आई म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ते वेगळं. हे लिहिलेलं आहे."

माझा राग गेलेला नाही. स्विचचं झाकण अजून कुणी उघडलेलं नाही. तार लावणाऱ्याचं नाव कुठल्याही पानावर नाही, आणि माझं यंत्र, माझा बदललेला नियम काढून टाकून, अजून चार कारखान्यांत चालू आहे. प्रमुखांनी जुनाच नियम परत बसवला. ते मला सांगायलाही आले, समोर उभे राहून, सभ्यपणे. त्या चारही कारखान्यांचे पत्ते मी मागून घेतले आहेत. पहिल्या ठिकाणी परवा जाते आहे. पुठ्ठा सोबत नेणार आहे, आणि तो दाखवून विचारणार आहे की तिथे कुणाला काय विचारायचं राहून गेलं आहे.